सोसायटीच्या फॉर्मवरची टिक आणि हरवलेली फुली

विदर्भातल्या खेड्यांत विविध कार्यकारी सोसायटीच्या जुन्या संगणकावर अजूनही एखादी ॲक्सेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या माहिती साठवायच्या प्रोग्रामची, फाईल सापडते. तालुक्याच्या गावच्या कुण्या जाणकार पोरानं ती कधीकाळी बनवून दिलेली असते आणि गटसचिव बदलत गेले तरी ती चालत राहते. खाते क्रमांक टाकला की कास्तकाराचं नाव, गाव, क्षेत्र समोर येतं आणि त्याखाली ‘अल्पभूधारक’ असं लिहिलेला एक चौकोन असतो. त्यातली टिक कुणी हातानं मारायची नसते. दुसऱ्या टेबलातून, म्हणजे त्याच फाईलमधल्या नोंदींच्या दुसऱ्या तक्त्यातून, क्षेत्र शोधून फॉर्मच ती लावतो. मग तक्रारी येतात. ‘टिक येऊनच नाही राहिली.’ ‘एकाची टिक दुसऱ्याच्या नावावर दिसते.’ ‘क्लिक केलं तर हलत नाही.’ यातली प्रत्येक तक्रार दुरुस्त होते. पण ती उगवते कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

कागदी रजिस्टरात शेवटच्या रकान्यात तीन गोष्टी संभवत. बरोबरची खूण म्हणजे तपासलं, बसतं. फुली म्हणजे तपासलं, बसत नाही. कोरी जागा म्हणजे अजून पाहिलंच नाही. फुली आणि कोरी जागा यांत कुणाची गल्लत होत नसे, कारण फुली मारायला कुणीतरी सात-बारा उघडून पाहिलेला असे. संगणकाच्या चौकोनात टिक राहिली आणि फुली गेली. या विषयातला मोठा घोळ त्या गेलेल्या फुलीतून आला आहे, असं माझं ठाम मत आहे.

माहितीशास्त्राला ही अडचण ठाऊक नव्हती असं नाही. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली टेबलांच्या परस्परसंबंधांवर उभी राहणारी माहितीची रचना मांडली. आजचे सात-बारा, आजची खाती बहुतेक त्याच रचनेवर साठवली जातात. पुढे १९७९च्या लेखात त्यांनी ‘माहीत नाही’ यालाही हिशेबात स्थान दिलं: खरं, खोटं आणि अज्ञात, असं तीन पायांचं तर्कशास्त्र. त्या तिसऱ्या अवस्थेची खूण म्हणजे नल (Null). नल म्हणजे शून्य नव्हे आणि ‘नाही’सुद्धा नव्हे. नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर नलच येतं. १९८५ साली कॉड यांनी अशा प्रणालींसाठी जे नियम घालून दिले, त्यातही नलची नीट व्यवस्था हवी हा नियम होता.

गावापर्यंत पोहोचलेली साधनं मात्र दुसऱ्या वाटेनं आली. ऐंशीच्या दशकात डीबेस हे माहिती साठवायचं सॉफ्टवेअर आलं. त्याच्या फाईलमध्ये होय-नाहीच्या रकान्याला एका अक्षराची जागा असे आणि अजून काही भरलेलंच नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवण्याची सोय होती. नोव्हेंबर १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ॲक्सेस बाजारात आणलं. त्याच्या स्वतःच्या टेबलातल्या ‘येस/नो’ रकान्यात नल ठेवताच येत नाही. काही भरलं नाही तर तो ‘नाही’ धरतो. फॉर्मवरच्या चेकबॉक्सला, म्हणजे टिकेच्या चौकोनाला, ‘ट्रिपल स्टेट’ नावाचा गुणधर्म आहे. तो चालू केला तर अज्ञात उत्तर फिकट करड्या रंगात दिसतं. पण तो मुळात बंद असतो, आणि बंद असला की नलसुद्धा ‘नाही’सारखाच दिसतो. कोरी जागा आणि फुली यांचा चेहरा एकच झाला तो इथे.

आता शोधाची बाजू. ॲक्सेसमध्ये दुसऱ्या टेबलातलं एखादं मूल्य आणायला डीलुकअप हे फलन वापरतात. कोणता रकाना, कोणतं टेबल आणि कोणती अट, एवढं त्याला सांगायचं. अटीत बसणारी नोंद सापडली नाही तर ते नल देतं. म्हणजे खाते क्रमांक टंकताना चुकला, किंवा त्या कास्तकाराचा आठ-अ (त्याच्या जमिनीच्या खात्याचा उतारा) अजून चढवलाच नसला, तरी उत्तर नल. फॉर्म बनवणारा बहुधा ते उत्तर आयआयएफ या ‘असेल तर हे, नसेल तर ते’ सांगणाऱ्या फलनात घालतो: क्षेत्र २ हेक्टरपर्यंत असेल तर होय, नसेल तर नाही. अट नल झाली की आयआयएफ दुसरा पर्याय उचलतं, म्हणजे ‘नाही’. तीच अट उलटी लिहिली (२ हेक्टरपेक्षा जास्त असेल तर अपात्र, नसेल तर पात्र) की ज्याची नोंदच नाही तो थेट पात्र ठरतो. कास्तकार तोच, माहिती तीच. वाक्य कसं लिहिलं यावर त्याचा निकाल फिरतो. म्हणून टिक चुकीची वाटली की आधी डीलुकअपचं उत्तर वेगळ्या मजकूर-चौकोनात उघडं करून पाहावं. तिथे काहीच दिसलं नाही तर दोष टिकेत नाही, शोधात आहे. नल आहे का हे ‘इजनल’ने वेगळं विचारावं. एनझेड फलनानं नलच्या जागी शून्य बसवायचा मोह टाळावा, कारण शून्य हेक्टर हे २ हेक्टरपेक्षा कमीच भरतं आणि टिक लागून जाते.

हे सगळं खेड्यात किती महागात पडू शकतं, ते २००८च्या केंद्राच्या कर्जमाफीच्या निकषांवरून समजतं. १ हेक्टरपर्यंत सीमांत, १ ते २ हेक्टर अल्पभूधारक. या दोघांचं थकीत पात्र कर्ज पूर्ण माफ, आणि त्यापुढच्या शेतकऱ्याला उरलेली रक्कम भरल्यावर २५ टक्के सवलत. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसपट्ट्यात २ हेक्टरपेक्षा जास्त जमीन असूनही हातात काही न उरणारे कास्तकार पुष्कळ होते आणि ही रेघ त्यांना फार लागली. त्या रेघेचा न्याय-अन्याय हा वेगळा विषय. पण रेघ आहे तोवर कोण कुठल्या बाजूला हे तरी अचूक ठरलं पाहिजे.

आणि नेमकी इथेच डीलुकअपची दुसरी खोड आडवी येते. अटीत बसणाऱ्या नोंदी अनेक असल्या तरी ते एकीचंच मूल्य आणतं, आणि ती कोणती याचा भरवसा नसतो. आठ-अ हा गावापुरता असतो. ज्याची जमीन दोन गावशिवारांत आहे, त्याचे आठ-अ दोन. समजा एकीकडे १.४० हेक्टर आणि दुसरीकडे १.२० हेक्टर. डीलुकअप यातलं एकच उचलतं आणि टिक लागते, खरी बेरीज २.६० असताना. इथे अटीत बसणाऱ्या सगळ्या नोंदींची बेरीज करणारं डीसम हवं. मग बेरजेचाही एक बारीक काटा असतो. दशांश आकडे ‘डबल’ प्रकारात ठेवले तर यंत्र ते द्विमानात, म्हणजे शून्य आणि एक एवढ्याच अंकांत, साठवतं, आणि बरोबर २ व्हायला हवी ती बेरीज केसभर जास्त निघू शकते. सीमेवरचा माणूस त्या केसभरानं बाहेर जातो. क्षेत्र आरमध्ये पूर्ण संख्येत ठेवावं, २ हेक्टरऐवजी २०० आर. तलाठ्याच्या कागदावर हेक्टर-आर अशीच नोंद असते, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागत नाही.

त्याच योजनेत आणखी एक अट होती. वर्गवारी कर्ज मंजुरीच्या वेळच्या जमिनीवरून करायची, नंतर जमिनीत काय बदल झाले ते धरायचे नाहीत. भावांच्या वाटण्या होऊन फेरफार पडला, तर आजच्या टेबलातून शोधून लागलेली टिक आजचं सांगते, मंजुरीच्या दिवसाचं नाही. उलट टिक टेबलात कायमची साठवली तर ती ज्या दिवशी लावली त्या दिवसापाशी गोठते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. साठवायची असेल तर शेजारी तारीख आणि त्या दिवसाचं क्षेत्र साठवलंच पाहिजे.

उरलेल्या तक्रारींचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. चेकबॉक्सचा स्रोत ‘=’ या चिन्हानं सुरू होणारं सूत्र असेल तर तो क्लिकनं बदलत नाही, कारण साठवायला त्याच्यामागे रकानाच नसतो. एकाची टिक पुढच्यावर दिसते तेव्हा चौकोन कोणत्याही रकान्याला बांधलेला नसतो आणि कोड फक्त खाते क्रमांक बदलल्यावर चालत असतो. तो फॉर्मच्या ‘करंट’ घटनेतही, म्हणजे फॉर्म दुसऱ्या नोंदीवर गेला की, चालवावा लागतो. एकाखाली एक नोंदी दाखवणाऱ्या फॉर्मवर मात्र त्यानंही भागत नाही. तिथे सुटा चौकोन सगळ्या ओळींत एकच मूल्य दाखवतो, म्हणून हिशेब क्वेरीत, म्हणजे टेबलांतून ओळी काढून देणाऱ्या प्रश्नात, न्यावा.

टिकांची बेरीज उणे येते, ही आणखी एक तक्रार. तिचं मूळ बेसिक या प्रोग्राम लिहायच्या भाषेत आहे. शून्याचे सगळे बिट उलटे केले की उणे एक मिळतो. तोच त्या भाषेत ‘खरं’ ठरला आणि ॲक्सेसनं तो जसाच्या तसा घेतला. त्यामुळे ‘एक असलेल्या नोंदी दाखव’ अशी अट घातली की एकही नोंद मिळत नाही.

नावावरून शोध घेणाऱ्या फॉर्मची गोष्ट आपल्या भाषेची आहे. ॲक्सेस २००० पासून त्यात युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आलं, पण पुष्कळ नोंदी त्याआधीच्या फॉन्टांत टंकलेल्या. पडद्यावर नाव मराठी दिसतं, आत साठलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये टंकलेलं तेच नाव त्याच्याशी कधीच जुळत नाही. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे सबंध अक्षर २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. गट क्रमांक कुणी देवनागरी अंकांत लिहिला, कुणी इंग्रजी अंकांत, तरी तीच गत. शोध नेहमी खाते क्रमांकावरच घ्यावा, आणि तो रकाना मजकुराचा असेल तर अटीत तो अवतरणचिन्हांत घालावा, आकड्याचा असेल तर नाही.

जून २०२२ मध्ये केंद्रानं सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. जुन्या फायलींतली माहिती नव्या प्रणालीत नेताना गटसचिवांनी एक आग्रह जरूर धरावा: रिकामा चौकोन ‘नाही’ म्हणून जाऊ देऊ नये. ज्या खात्याचा आठ-अ पाहून निर्णय झाला त्यालाच होय किंवा नाही लिहावं. बाकीच्यांपुढे ‘तपासणी बाकी’ लिहून त्यांची वेगळी यादी काढावी, गावनिहाय, म्हणजे तलाठ्याकडे एकाच फेरीत विचारता येईल.