केए, जीए किंवा डीएलची गाडी एमएच ०९ करताना: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज अडतो ती ठिकाणं

निपाणी, चिक्कोडी, बेळगाव, नाहीतर थेट पणजी. गाडी तिकडून आणायची आणि इकडं एमएच ०९, म्हणजे कोल्हापूरचा नंबर, करून घ्यायची, हा आपल्या भागातला नेहमीचा व्यवहार. गाडी एका दिवसात दारात येते, नंबर मात्र महिनोन् महिने येत नाही. बहुतेकांची तक्रार ‘कोल्हापुरात अडवलंय’ अशी असते. कागद उघडून बघितले की दिसतं, गाठ तिकडची आहे. जुन्या कार्यालयातलं रेकॉर्ड नीट न करता घाईघाईनं एनओसी (गाडी दुसरीकडं न्यायला ना हरकत दाखला) काढलेली असते. एकदा एनओसी निघाली की तिकडचं खातं बंद होतं आणि इकडच्या कार्यालयाला त्यातलं एक अक्षरही बदलता येत नाही. मग एनओसी रद्द करा, त्यासाठी ‘ही एनओसी इथे वापरलेली नाही’ असा दाखला आणा, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त काम एनओसीच्या अर्जाआधी, तिकडेच उरकायचं आहे.

नंबर कुणाला बदलावा लागतो?

रोज निपाणीहून कोल्हापूरला नोकरीला येणाऱ्याला लागत नाही. त्याचं घर तिकडं, गाडी रात्री तिकडंच लागते. गाडी दुसऱ्या राज्यात ‘ठेवली’ तरच नंबर बदलायचा, नुसती फिरवली म्हणून नाही.

सांगलीची एमएच १०, साताऱ्याची एमएच ११, कराडची एमएच ५० किंवा पुण्याची एमएच १२ गाडी कोल्हापुरात घेतली तरी नंबर तोच राहतो. नाव आणि पत्ता बदलायचा, बास. ‘एमएच ०९ करून देतो’ म्हणून यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. नंबर बदलतो तो राज्य बदललं तरच. इथं फक्त खासगी दुचाकी आणि कारबद्दल लिहितोय. टेम्पो-ट्रकचं परमिट आणि फिटनेसचं प्रकरण वेगळं.

१२ महिने आणि ३० दिवसांचा घोळ

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ मध्ये लिहिलंय की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. केंद्रीय नियम ५४ प्रमाणे ते १२ महिने संपल्यावर ३० दिवसांत नमुना २७ मध्ये अर्ज करायचा. हे वाचून माणूस निवांत होतो, ‘वर्षभर काही करायला नको’ म्हणतो.

पण ही सवलत ज्याची गाडी आधीपासून स्वतःच्या नावावर आहे आणि जो बदली होऊन किंवा राहायला इकडं आलाय त्याच्यासाठी आहे. तुम्ही गाडी विकत घेतली असेल तर कलम ५० लागू होतं आणि खरेदीदाराला मुदत आहे ३० दिवसांची. विम्याची मुदत त्याहून कमी: नाव बदलून घ्यायला १४ दिवस. ‘वर्षभर चालतंय’ असं सांगून गाडी गळ्यात मारणाऱ्या दलालाला हे माहीत असतं, तुम्हाला नसतं. मधल्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीशी भांडत बसायला दलाल येणार नाही.

आणि कराचं गणित या मुदतीपेक्षा वेगळं. नंबर बदलण्याचा कायदा केंद्राचा, कर राज्याचा. १२ महिने म्हणजे करमाफी नव्हे. स्वतःची गाडी घेऊन इकडं आला असाल तर फास्टॅगचं स्टेटमेंट काढून ठेवा. गाडी इकडं कधीपासून आहे, हे दाखवायला त्याच्याइतका सोपा कागद नाही.

एनओसीआधी तिकडं काय काय करायचं

पहिलं, मोबाइल नंबर. वाहन पोर्टलवर सगळं ओटीपीवर चालतं आणि ओटीपी जातो आरसीला (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राला) जोडलेल्या नंबरावर. तो नंबर तीन मालकांपूर्वीचा, किंवा शोरूमच्या पोरानं स्वतःचा टाकलेला असतो. व्यवहाराचे सगळे पैसे देण्याआधी विकणाऱ्यासमोर बसून हा नंबर बदलून घ्या. पैसे पोचल्यावर माणूस फोन उचलत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

दुसरं, बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला असं नसतं. त्याला नमुना ३५ आणि बँकेचं पत्र लागतं, आणि हे पत्र साधारण तीन महिनेच चालतं. तारीख बघून घ्या. आरसीवर सिंडिकेट बँक असेल तर पत्र कॅनरा बँकेतून आणायचं, विजया बँक असेल तर बँक ऑफ बडोदातून, कॉर्पोरेशन बँक असेल तर युनियन बँकेतून, कारण या बँका २०१९ आणि २०२० मध्ये विलीन झाल्या. खरी पंचाईत पतसंस्थेची. सीमाभागात दुचाक्या पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेल्या असतात आणि त्यातल्या काहींना कुलूप लागलंय. अशा वेळी जुन्या चेअरमनच्या घरी जाऊन लेटरहेडवर सही आणू नका, ती चालत नाही. संस्था अवसायनात (बंद करून हिशेब मिटवायच्या प्रक्रियेत) असेल तर ते काम बघणाऱ्या अवसायकाचं पत्र लागतं. अवसायक कोण, ते सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात कळतं. आणि संस्था कर्नाटकातली असेल तर निबंधकही तिकडचाच.

तिसरं, चासी नंबर. कागदावरची पेन्सिलची छाप आणि पोर्टलवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. बीचा आठ झालेला, शून्याचा ओ झालेला, शेवटचा आकडाच टाकायचा राहिलेला, सगळं सापडतं. छाप घेताना रॉकेलच्या फडक्यानं चिखल-ग्रीस पुसा, पातळ कागद घट्ट दाबून धरा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवा. गंज काढायला पॉलिश पेपर जोरात मारू नका. आकड्याची कड झिजली की तपासणाऱ्याला खाडाखोडीचा संशय येतो आणि एका साध्या कामाची चौकशी होऊन बसते.

बाकीचं नेहमीचं: थकलेली ई-चलनं भरा (दोन्ही राज्यांतली), विमा आणि पीयूसी चालू ठेवा, गाडी चोरीची नाही याची एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवरची नोंद काढा. मग नमुना २८, म्हणजे एनओसीचा अर्ज. त्यात ‘कुठल्या कार्यालयाकडं नेणार’ हा रकाना असतो. तुमचा तालुका कुठल्या परिवहन कार्यालयाकडं येतो ते आधी बघून मगच भरा. तिथं चुकीचं कार्यालय पडलं तर दुसरं कार्यालय तो कागद हातातही घेत नाही.

कलम ४८ मध्ये एक गोड तरतूद आहे. ३० दिवसांत एनओसी दिली नाही किंवा नाकारली नाही, तर ती दिली असं समजायचं. कायद्याच्या पुस्तकात हे छान दिसतं. प्रत्यक्षात संगणकावर एनओसी निघालेली दिसल्याशिवाय इकडं कुणी अर्जाला हात लावत नाही. पण त्याच कलमात आहे की नाकारायची असेल तर कारण लेखी नोंदवून अर्जदाराला कळवलं पाहिजे. ‘नंतर या’ म्हणणाऱ्याला शांतपणे हे लेखी मागा. पुष्कळदा एवढ्यानं फाईल हलते.

गोव्याच्या भाड्याच्या स्कूटरबद्दल वेगळं सांगतो. सीझन संपला की काळी पाटी, पिवळी अक्षरं असलेल्या स्कूटर स्वस्तात निघतात आणि आपली पोरं दोन-दोन घेऊन येतात. काळी पाटी म्हणजे भाड्यानं द्यायची गाडी. ती नोंदणीत व्यावसायिक असते. आधी गोव्यातच ती खासगी करून घ्यायची, मग एनओसी. इकडं आणून ‘पाटी पांढरी करून द्या’ म्हणाल तर उलट्या पावली परत. दिल्लीच्या गाडीचंही तसंच. तिथं डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून ती गाडी एवढी स्वस्त. डीएल नंबर दिसला तर एनओसी हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका.

इकडचा अर्ज

पोर्टलवर नमुना २७ भरायचा, गाडी विकत घेतलेली असेल तर सोबत मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३०. मूळ आरसी, एनओसी, विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा. शुल्क दुचाकीला ३०० आणि कारला ६०० रुपये, स्मार्ट कार्डाचे २०० वेगळे. गाडी तपासणीला प्रत्यक्ष न्यावी लागते.

दोन कागद लोकांकडे हमखास नसतात. एक, गाडीचं मूळ बिल. कर गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर ठरतो. नव्या पेट्रोल कारला इथं किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी. पोर्टलवर किंमत नसली किंवा चुकीची असली की बिल मागतात, आणि आठ वर्षांपूर्वीचं बिल कोण ठेवतो? विकणाऱ्याला घेऊन मूळ शोरूममध्ये जा आणि शिक्क्यासह दुय्यम प्रत घ्या. हेही गाडी ताब्यात घेण्याआधी.

दोन, पत्ता. आधार निपाणीचं, राहायला राजारामपुरीत भाड्यानं, लाइट बिल घरमालकाच्या नावावर. शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेला करार घेऊन लोक जातात आणि परत येतात. भाडेकरार नोंदणीकृत लागतो. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यातच नोंदणीची सक्ती आहे आणि ती ऑनलाइन होते. घरमालक ‘कशाला उगाच’ म्हणेल, त्याला समजावणं हा या प्रक्रियेतला सगळ्यात अवघड टप्पा. त्यापेक्षा आधारवरचा पत्ता बदलणं पुष्कळांना सोपं जातं.

एक गैरसमज: नवा नंबर म्हणजे नवी १५ वर्षं नव्हेत. मुदत पहिल्या नोंदणीच्या तारखेपासूनच मोजतात. १३ वर्षांची कार घेऊन कर, शुल्क, पाटी असा सगळा खर्च केला की दोन वर्षांत नूतनीकरण आणि पर्यावरण कर पुढे उभा राहतो. हिशेब करूनच घ्या.

पाटी

नंबर पोर्टलवर दिसायला लागल्यावरच उच्च सुरक्षा पाटीची मागणी नोंदवता येते. दर दुचाकीला ४५० आणि कारला ७४५ रुपये, वर जीएसटी. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आत जा. शोधयंत्रात पहिली येणारी साइट खरी असतेच असं नाही. खऱ्या पाटीवर डाव्या बाजूला वर निळं अशोकचक्राचं होलोग्राम, खाली लेझरनं कोरलेला क्रमांक आणि न उघडणारं कुलूप असतं. कारला काचेवर स्टिकरही लागतो: पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा, डिझेलला केशरी. १ एप्रिल २०१९ नंतरच्या गाडीवर ही पाटी कंपनीचीच असते, पण ती जुन्या नंबराची. नवा नंबर मिळाला की तीही बदलावीच लागते.

रंग देशभर सारखेच. खासगीला पांढरी पाटी काळी अक्षरं, व्यावसायिकला पिवळीवर काळी, खासगी इलेक्ट्रिकला हिरवीवर पांढरी, व्यावसायिक इलेक्ट्रिकला हिरवीवर पिवळी. मराठी आकडे इकडं चालत नाहीत आणि कन्नड आकडे तिकडं. नियम ५० प्रमाणे अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच हवेत. आणि ४१४१ घेऊन त्याचं ‘दादा’ करणाऱ्या भावांनो, पसंतीच्या नंबराची पावती म्हणजे अक्षरं वाकवायचा परवाना नव्हे. नव्या पाटीवर आकडे ठोकूनच येतात, तिथं कलाकारी होत नाही.

बीएच मालिका

सैनिक टाकळीपासून चंदगडपर्यंत घरटी सैनिक असलेल्या या जिल्ह्यात बीएच, म्हणजे सगळ्या राज्यांत चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेच्या नंबराबद्दल विचारणारे पुष्कळ. सैन्यातले, केंद्र-राज्य सरकारचे आणि सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, शिवाय चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतले पात्र ठरतात. सरकारी माणसाला ओळखपत्र चालतं, खासगीवाल्याला कंपनीकडून नोकरीचा दाखला, नमुना ६०. राज्य बदललं तरी नंबर बदलत नाही. कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यानं, दर मात्र पूर्ण मुदतीचा: १० लाखांखाली ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, वर १२. डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी. नवी गाडी घेताना ही रक्कम कमी वाटते म्हणून घेतात आणि दोन वर्षांनी पुढचा हप्ता विसरतात. उशिराला दिवसाला १०० रुपये लागतात. बीएचची गाडी अपात्र माणसाला विकली तर त्याला साधा नंबर आणि इथला कर दोन्ही करावं लागतं, म्हणून विकताना भाव पडतो.

जुन्या राज्यातला कर परत

एमएच ०९ ची आरसी हातात आली की कर्नाटकात भरलेल्या आजीवन करातला उरलेला भाग परत मागता येतो. अर्ज तिथल्याच कार्यालयात, नव्या आरसीच्या प्रतीसह. इथं पुन्हा मूळ कागदाची अडचण येते: जुनी आरसी आणि कराची पावती इकडं जमा झालेली असते. म्हणून जमा करण्याआधी दोन्हीच्या, शिवाय एनओसीच्या, साक्षांकित प्रती काढून ठेवा. गाडी विकत घेतली असेल तर हा परतावा तुमचा की विकणाऱ्याचा, हे विक्रीच्या कागदावरच लिहून घ्या, आणि बँक खातं कुणाचं द्यायचं तेही.