ब्राइलोव्हचे उन्हाळे : पाहुणा हजर, यजमानीण गैरहजर

१८७८ च्या मे महिन्यात रशियन संगीतकार चायकोव्हस्की ब्राइलोव्हच्या वाड्यात उतरला तेव्हा तिथे नोकरचाकर होते, उत्तम वाद्यं होती, भोवती रान होतं. नव्हती ती मालकीण, आणि तीही मुद्दामच. रेल्वे उभारणाऱ्या धनाढ्य नवऱ्याच्या मृत्यूनंतर कारभार पाहणारी नादेज्दा फॉन मेक आदल्या वर्षापासून त्याला सालाना ६००० रुबल देत होती. प्रत्यक्ष भेटायचं मात्र नाही, असं दोघांत ठरलेलं होतं.

दुसऱ्याच्या इस्टेटीवर उन्हाळा काढणं त्याला नवं नव्हतं. १८७३ मध्ये एका शिष्य-मित्राच्या उसोव्होच्या इस्टेटीवर एकटा असताना त्याने ‘टेम्पेस्ट’ या वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा आराखडा दहा-अकरा दिवसांत उरकला होता. ब्राइलोव्हला मात्र तो फसलेल्या लग्नाच्या धक्क्यातून नुकता सावरत होता. इथे त्याने व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या तीन छोट्या रचना पुऱ्या केल्या. पहिली मुळात व्हायोलिन कॉन्चेर्तोचा (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा) संथ भाग म्हणून स्वित्झर्लंडमध्ये लिहिलेली, तिथून काढून टाकलेली. संचाला नाव दिलं ‘एका प्रिय स्थळाची आठवण’ आणि हस्तलिखित मालकिणीसाठी कारभाऱ्याच्या हाती ठेवून तो निघून गेला.

न भेटण्याच्या या अटीवर चरित्रकारांनी भरपूर शाई खर्च केली आहे. बहुतेकांनी तो बाईंचा विक्षिप्तपणा ठरवला. हे मला एकतर्फी वाटतं. तुमची ओढ जितकी वाढते तितकी ओळखीची भीती वाटते, असं तिने १८७७ मध्येच लिहिलं होतं हे खरं. पण त्यावर त्याने जराही आग्रह धरला नाही. उलट १८७८ च्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये तिने आपल्या मुक्कामाजवळच त्याच्यासाठी घर भाड्याने घेतलं, तेव्हा अवघडला तो.

पुढच्या ऑगस्टमध्ये तर कसोटीच लागली. ती स्वतः ब्राइलोव्हला आणि तो जवळच्याच सिमाकीच्या छोट्या घरात. ती फिरायला कधी निघणार हे त्याला आधीच कळवलेलं असे, म्हणजे समोरासमोर यायला नको. १४ तारखेला, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, हिशेब चुकला आणि रानातल्या वाटेवर दोघांच्या गाड्या समोरासमोर आल्या. त्याने टोपी उचलली, ती गोंधळली, गाड्या पुढे गेल्या. त्याच दिवशी त्याने माफीचं पत्र धाडलं. चूक बाईंच्या उशिराचीही होती, पण माफी त्यानेच मागितली. पैसे कुणाकडून येत होते हे विसरून कसं चालेल?

पुढे तिची आर्थिक ओढाताण सुरू झाली आणि ब्राइलोव्ह विकलं गेलं. १८८४ मध्ये तिच्या मुलाचं लग्न त्याच्या भाचीशी होऊन सोयरीकही जुळली, तरी भेट नाहीच. त्याच वर्षी तो मॉस्कोजवळच्या तिच्या प्लेश्चेयेवोच्या घरी राहून आला, अर्थात ती नसताना. १८९० मध्ये तनखा थांबला आणि चौदा वर्षांचा, बाराशेच्या आसपास पत्रांचा व्यवहार संपला. तो का संपला यावर आजही एकमत नाही.

ब्राइलोव्ह आज युक्रेनमध्ये आहे. वाड्यात दोघांच्या स्मृतीचं संग्रहालय झालं. २०२२ च्या रशियन आक्रमणानंतर मात्र चायकोव्हस्कीचं नाव संस्थांवर ठेवायचं की पुसायचं हा वाद देशभर पेटला. एक बाजू त्याला साम्राज्याचा संगीतकार म्हणते, दुसरी त्याच्या घराण्याची युक्रेनी मुळं आणि इथे काढलेले उन्हाळे पुढे करते.