पत्ता बरोबर, तरी ४०४

वर्डप्रेसच्या प्लगइनमधून ‘/पुस्तक/कोकणातल्या-विहिरी/’ असा सुटसुटीत पत्ता तयार केला आणि ब्राउझरने ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दाखवला, तर कोड उघडण्याआधी ते ४०४ कोणाचं आहे ते बघा. साइटचा मेनू आणि फूटर दिसत असतील, तर विनंती वर्डप्रेसपर्यंत पोहोचली, अडली ती पुढे. पांढऱ्या पानावर एखादीच ओळ असेल, तर बहुधा सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं. सर्व्हर अपाचे असेल, तर सूचनांची डॉट-एचटीॲक्सेस फाइल आणि ती मानायची की नाही हे ठरवणारी ‘अलाऊ-ओव्हरराइड’ सेटिंग तपासा. एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर ती फाइल वाचतच नाही. तिथे सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ‘ट्राय-फाइल्स’च्या ओळीत शेवटी इंडेक्स डॉट पीएचपी हवं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती कोणत्या पत्त्यावर काय दाखवायचं हे सांगणाऱ्या नियमांची साठवलेली यादी. कोडमध्ये नियम जोडणारं ‘ॲड-रीराइट-रूल’ लिहिलं म्हणजे नियम लागू झाला, असं नाही. वर्डप्रेस ही यादी एकदा बनवून डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात ठेवतं आणि पुढे तीच वाचतं. सेटिंग्जमधल्या पर्मालिंकच्या पानावर जाऊन काहीही न बदलता ‘सेव्ह’ दाबलं की यादी नव्याने बनते. एवढ्याने पान उघडलं, तर तुमचा नियम ठीक होता, यादी शिळी होती. मग ‘फ्लश’, म्हणजे यादी नव्याने बनवणं, प्लगइन सक्रिय होताना करा, पण त्याच फंक्शनमध्ये आधी नियम नोंदवा. सक्रिय होण्याच्या क्षणी ‘इनिट’, म्हणजे प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीचा टप्पा, होऊन गेलेला असतो, त्यामुळे त्यावर टांगलेला नियम त्या वेळी नोंदलाच जात नाही. ‘इनिट’मध्येच दरवेळी फ्लश करणं हा आळशी उपाय, प्रत्येक पानामागे अख्खी यादी पुन्हा बनते.

यादी ताजी असूनही अडतंय? वर्डप्रेस वरून खाली बघत जातं आणि पहिला जुळणारा नियम घेतं. नियम कुठे ठेवायचा ते सांगितलं नाही, तर तो ‘बॉटम’ला जातो आणि वरचा एखादा ढोबळ नियम पत्ता आधीच पळवतो. म्हणून ‘टॉप’ द्या. कमांड लाइन असेल तर ‘डब्ल्यूपी रीराइट लिस्ट’ला ‘मॅच’ पर्यायात पत्ता द्या, जुळणारे नियम समोर येतात. नियम जुळूनही पत्त्यातून काढलेली किंमत रिकामी येत असेल, तर ती ज्या व्हेरिएबलमध्ये यायला हवी त्याचं नाव ‘क्वेरी-व्हार्स’ फिल्टरमध्ये घातलेलं नसतं. किंवा नियमातला ‘मॅचेस’, म्हणजे पत्त्यातला जुळलेला भाग, दुहेरी अवतरणात असतो. पीएचपी त्याला स्वतःचा व्हेरिएबल समजून आधीच पुसून टाकतं. एकेरी अवतरण वापरा.

मराठी साइटवर आणखी एक खड्डा. इंग्रजीतले नमुने उचलताना ‘ए ते झेड, शून्य ते नऊ आणि जोडरेघ’ एवढीच मुभा देणारा रेगेक्स, म्हणजे अक्षरं जुळवण्याचा साचा, येतो. देवनागरी स्लग, म्हणजे पत्त्यातलं पानाचं नाव, त्यात बसत नाही: यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाचे ३ बाइट, पत्त्यात प्रत्येक बाइटचं टक्का चिन्ह आणि दोन हेक्स अंक (० ते ९ किंवा ए ते एफ), म्हणजे ९ अक्षरं. काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हं. ‘कोकणातल्या-विहिरी’ची अशी १६ चिन्हं आणि एक जोडरेघ, मिळून १४५ अक्षरं. स्लगच्या रकान्यात २०० मावतात, त्यामुळे २२ चिन्हांच्या पुढे मराठी स्लग कापला जातो. पूर्ण शीर्षकावरून लिंक स्वतः जुळवणारा प्लगइन इथेच फसतो. लिंक वर्डप्रेसच्या ‘गेट-पर्मालिंक’ फंक्शनकडूनच घ्या. रेगेक्समध्ये ‘[^/]+’ लिहा, म्हणजे तिरकी रेघ सोडून काहीही. आणि डेटाबेसला विचारणारी एसक्यूएल स्वतः लिहीत असाल, तर हाती आलेली किंमत आधी ‘सॅनिटाइझ-टायटल’मधून काढा. ती कधी उघडी देवनागरी येते, कधी टक्क्यांच्या रूपात आणि तीही कॅपिटल अक्षरांत. डेटाबेसात मात्र स्मॉल अक्षरं असतात.

पान उघडतं पण पत्ता आपोआप दुसराच होतो, तेव्हा ‘रीडायरेक्ट-कॅनॉनिकल’कडे बघा. ते त्याच्या मते योग्य असलेल्या पत्त्यावर ३०१ ने, म्हणजे ‘पान कायमचं हलवलं’ असं सांगून, ढकलतं. आपल्या व्हेरिएबलपुरतं त्याच नावाच्या फिल्टरमधून ‘फॉल्स’ परत करा आणि तपासणी इन्कॉग्निटो खिडकीत करा. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. कोड दुरुस्त झाल्यावरही जुन्याच वाटेने नेत राहतो.