मुरूम, टू-स्ट्रोक आणि घरचा पैसा : मोटोक्रॉसच्या करिअरमागची पार्श्वभूमी

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, उड्यांच्या ट्रॅकवरची मोटरसायकल शर्यत; तीच स्टेडियममध्ये घेतली की सुपरक्रॉस. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २८ जानेवारी २०२४ रोजी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तेव्हापासून आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात एक प्रश्न सारखा कानावर येतो. बारावी झालेलं पोरगं घरी सांगतं, "मला मोटोक्रॉस करायचंय," आणि बाप गॅरेजवाल्याकडे येऊन विचारतो, "यात पोटापाण्याचं काय असतं का?" याचं खरं उत्तर द्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागतं.

इंग्लंडमधल्या कॅम्बर्लीजवळ १९२४ साली मोटरसायकलवाल्यांनी माळ आणि टेकड्यांवर शर्यत लावली. तोल सांभाळण्याचे गुण वगैरे काही नाही; जो आधी पोचला तो जिंकला. त्याला ते स्क्रॅम्बल म्हणत. फ्रेंचांनी त्यांच्याकडच्या मोटरसायकलच्या शब्दाला क्रॉसकंट्रीतला क्रॉस जोडला आणि मोटोक्रॉस हे नाव रूढ झालं. १९५२ मध्ये युरोपीय अजिंक्यपद सुरू झालं, १९५७ पासून ते जागतिक झालं आणि पहिलं विजेतेपद स्वीडनच्या बिल निल्सननं घेतलं.

पुढचा भाग आपल्याही ओळखीचा आहे. साठच्या दशकात या मैदानात झेक गाड्यांचा दबदबा होता. १९६४ मध्ये बेल्जियमचा जोएल रॉबर्ट अवघ्या विसाव्या वर्षी सीझेड या झेक गाडीवर २५० सीसीचा जगज्जेता झाला. त्याच देशातली जावा त्या काळात म्हैसूरला बनू लागली होती. तीच पुढे येझदी झाली. आपल्या वाडवडिलांनी जिच्यावर बाजारहाट केला ती दोन सायलेन्सरची गाडी त्याच भावकीतली. फरक एवढाच की तिकडे तिच्यावर उड्या मारल्या जात होत्या आणि इकडे मागे पेंडीचं पोतं होतं.

उडीचा खरा इतिहास इंजिनाचा नाही, शॉकअपचा आहे. जुन्या गाड्यांचं मागचं चाक जेमतेम चार इंच वर-खाली व्हायचं, त्यामुळे उडी लांब गेली की सगळा मार स्वाराच्या कण्याला बसायचा. बेल्जियन अभियंता लुसियन टिल्केन्सनं दोन शॉकअपच्या जागी एकच लांब शॉकअप सीटखाली बसवायची युक्ती काढली. यामाहानं ती घेतली आणि १९७३ मध्ये हाकन अँडरसन तिच्यावर २५० सीसीचा जगज्जेता झाला. काही वर्षांतच चाकाचा प्रवास बारा इंचांपर्यंत गेला. आज इनडोअर मैदानात जे तिहेरी जंप, म्हणजे एका उडीत तीन उंचवटे पार करणं, दिसतात, ते या एका बदलामुळे शक्य झाले, असं माझं ठाम मत आहे.

आमच्याकडे १९८५ मध्ये यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १०० आली. वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद अकरा अश्वशक्ती. इस्लामपूरजवळच्या एका गॅरेजात तिच्यावर चाललेलं काम मी तासन्‌तास बघत बसायचो. मिस्त्री सिलेंडरचं पोर्ट बारीक कानशीनं घासायचा, मग बोट आत घालून कडा तपासायचा, पुन्हा घासायचा. मागची गरारी मोठी, मडगार्ड काढलेलं, मागे खडबडीत टायर. उसाच्या फडालगतच्या बांधावर गाडी उडायची आणि बघ्यांच्या अंगावर काटा यायचा. पण शॉकअप रस्त्याचेच. दोन-चार उड्यांत फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, सील जायचं, तेल नळीवरून ओघळायचं आणि त्या दिवसाचा खेळ संपायचा. हात कसबी होते, धाडसही होतं. गाडी त्या कामाची नव्हती.

तसं पाहिलं तर शर्यत या मातीला नवी नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं बैलगाडा मैदान ज्यानं पाहिलं आहे त्याला वेगाचं वेड समजावून सांगावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली, आणि मधल्या वर्षांतही खोंड सांभाळणारी घरं खोंड सांभाळतच राहिली. बेल्जियममध्ये मोटोक्रॉस असाच घराण्यांतून चालतो. हॅरी एव्हर्ट्स चार वेळा जगज्जेता, त्याचा मुलगा स्टेफान दहा वेळा.

आता करिअरचं. युरोपात मूल पाच-सहा वर्षांचं असताना ५० सीसीवर बसतं, मग ६५, ८५, १२५, २५० आणि शेवटी ४५०. जागतिक स्पर्धेत चाळीस स्वार एका गेटमागे उभे राहतात आणि अर्धा तास अधिक दोन फेऱ्या अशा दोन शर्यती एकाच दिवशी पळतात. आपला मुलगा अठराव्या वर्षी लायसन काढून सुरुवात करतो, तेव्हा तिकडच्या मुलाच्या पाठीशी बारा वर्षं असतात. बाहेरून आणलेल्या २५० सीसीच्या गाडीला आठ लाखांच्या आसपास मोजावे लागतात आणि तिला रस्त्यावर परवानगी नाही. २०१९ मध्ये आलेली हीरोची एक्सपल्स २०० हा मोठा आधार झाला, पण ती दीडशे किलोंच्या पुढे, आणि खरी मोटोक्रॉसची गाडी एकशेदहाच्या आत.

म्हणून आपल्याकडचे चांगले स्वार कंपनीच्या संघात जागा मिळवतात आणि बऱ्याचदा रॅलीकडे, म्हणजे अनेक दिवसांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे, वळतात. बेंगळुरूचा सी. एस. संतोष २०१५ मध्ये डकार ही जगातली सर्वांत अवघड मानली जाणारी रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. केरळचा हरिथ नोआ राष्ट्रीय सुपरक्रॉस गाजवून डकारला गेला आणि २०२४ मध्ये त्यानं तिथला रॅली-२ हा गट जिंकला. दोघांचाही पाया मातीच्या ट्रॅकवरचा.

पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवायला त्यांच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, ही १९५२ ची गोष्ट त्यांच्या गावचं, गोळेश्वरचं, पोरगंपोरगं जाणतं. मोटोक्रॉस आजही त्याच टप्प्यावर आहे: घरचं सोनं, काकांची उसनवारी, एखाद्या टायर दुकानदाराचा स्टिकर. त्यात गळपट्टीचं हाड मोडलं की हंगाम गेला.

त्या बापाला गॅरेजवाला सांगतो ते मला पटतं. पोराला आधी इंजिन खोलायला बसव, आणि ट्रॅक हवा तर गावातच कर. माण-जतचा मुरूम कडक असतो, पडलं की कातडी सोलते. कृष्णाकाठची गाळाची माती टाकली तर बरं. स्पर्धेचा ट्रॅक तयार करतात म्हणजे तरी काय, माती फणानं उकरतात आणि आदल्या रात्री पाणी मारतात. ट्रॅक्टर, फण आणि टँकर आमच्या प्रत्येक गावात आहेत.