कॉफी सोडल्यावर डोकं का दुखतं?

'कॉफी बंद करा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखेल, पण घाबरू नका, ते शरीरातलं विष बाहेर पडतंय.' हा निरोप गेल्या महिन्यात चौथ्यांदा माझ्या मोबाइलवर येऊन धडकला. त्यातला अर्धा भाग खरा आहे. डोकं दुखतं, आणि चांगलंच दुखतं. मी ते भोगलंय. उरलेला अर्धा भाग निव्वळ थाप. हे विष कुठलं, इतके दिवस ते कुठे दडून बसलं होतं आणि बाहेर पडायला त्याला कपाळच का लागतं, हे सांगायच्या फंदात कोणी पडत नाही.

खरं कारण समजून घ्यायचं तर शाळेतलं एटीपी आठवावं लागेल, पेशीचं 'ऊर्जेचं चलन'. चेतापेशी दिवसभर हे चलन खर्चत राहतात आणि त्या खर्चातून ॲडेनोसिन नावाचा रेणू शिल्लक उरतो. जागरण जितकं लांबेल तितकं मेंदूत ॲडेनोसिन जास्त साचतं. ते चेतापेशींवरच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतं आणि पेशींना सांगतं, 'आता पुरे'. त्यालाच आपण झोप येणं म्हणतो.

कॉफीतलं कॅफीन इथे लबाडी करतं. त्याच्या आणि ॲडेनोसिनच्या रेणूंत एकमेकांना चिकटलेली दोन कडी असतात, एक सहा अणूंचं, एक पाच अणूंचं. या साम्यामुळे कॅफीन ॲडेनोसिनच्या ग्राहीत बरोबर बसतं, पण बसून काहीच करत नाही. रुमाल टाकून जागा अडवावी, तसा प्रकार. ॲडेनोसिन ताटकळत उभं राहतं आणि 'आता पुरे' हा निरोप पोचतच नाही. म्हणजे कॉफी शक्ती वगैरे देत नाही, थकव्याची तक्रार फक्त दाबून ठेवते. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८१९ सालीच कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळं काढलं होतं, पण ही लबाडी उघडकीस यायला १९७० नंतरचा काळ उजाडावा लागला.

हे ग्राही एकाच प्रकारचे नसतात. ए-१ ग्राही पेशीच्या आतल्या सायक्लिक एएमपी या निरोप्याची निर्मिती घटवतो, तर ए-२ए ती वाढवतो. कॅफीन दोन्ही अडवतं. तरी जाग आणण्याच्या कामात ए-२एचा वाटा मोठा दिसतो, कारण ज्या उंदरांत जनुकीय बदल करून हा ग्राहीच काढून टाकला, त्यांना कॅफीन देऊनही जाग येत नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. कुलूपच काढून टाकलं तर बनावट किल्ली काय करणार!

आता डोकेदुखीकडे. जागा रोज अडू लागल्या की मेंदूही गप्प बसत नाही. कॅफीनवर ठेवलेल्या प्राण्यांच्या मेंदूत ॲडेनोसिनचे ग्राही वाढलेले आढळले आहेत. मग एके सकाळी कॉफी बंद होते. सगळे रुमाल उचलले जातात, जागा पूर्वीपेक्षा जास्त आणि ॲडेनोसिन मोकाट. त्यात ॲडेनोसिनचं आणखी एक काम म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावणं. कॅफीनने त्या आवळून धरलेल्या असतात. पकड सुटली की त्या सैलावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि डोकं ठणकू लागतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत दुखणं सुरू होतं, एक-दोन दिवसांत टिपेला पोचतं आणि फार तर नऊ दिवसांत ओसरतं. गंमत म्हणजे डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असतं. तशी गोळी घेऊन 'कॉफी सोडली' म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने २०१३ साली या त्रासाला अधिकृत निदान म्हणून जागा दिली. कॅफीनच्या व्यसनाला मात्र तिने अजून ती दिलेली नाही.

मग कॉफी चांगली की वाईट? निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं आणि गरोदरपणी २०० च्या आत राहावं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली सांगितलं. कॉफी पिणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह आणि यकृताचे आजार कमी दिसतात. मधुमेहाच्या बाबतीत तर कॅफीन काढलेली कॉफी पिणाऱ्यांतही तसंच दिसतं, म्हणजे त्याचं श्रेय कॅफीनचं नसावं. पण ही सगळी निरीक्षणं आहेत. आजारी माणसं आधीच कॉफी कमी करतात, हेही त्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे 'कॉफी प्या, मधुमेह टाळा' ही जाहिरात त्या विषाच्या निरोपाइतकीच उथळ. न गाळलेल्या कॉफीतली कॅफेस्टॉलसारखी तेलकट द्रव्यं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात; कागदी गाळणीत ती बरीचशी अडकतात. जेवणासोबत घेतलेली कॉफी अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही, म्हणून ज्यांचं रक्त कमी आहे त्यांनी ती जेवणापासून दूर ठेवावी.

झोपेचं गणित मात्र प्रत्येकाने एकदा मांडून पाहावं. रक्तातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाच वाजता १०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला ५० आणि पहाटे तीनला २५ शिल्लक. कॅफीन मोडणारं यकृतातलं विकर सिगारेट ओढणाऱ्यांत जोरात चालतं आणि गरोदरपणी फार मंदावतं, त्यामुळे हा हिशेब माणसागणिक बदलतो.

मी दोन आठवडे कॉफीशिवाय काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी डोळ्यांमागे ठोके पडत होते, सहाव्या दिवशी काही नव्हतं. पंधराव्या दिवशी संध्याकाळी नेहमीचाच एक कप घेतला. पूर्वी तो पिऊन मी दहाला घोरायचो. त्या रात्री अडीच वाजता टक्क जागा राहून छताचा पंखा मोजत होतो; त्याला तीनच पाती आहेत.