सिंगिन इन द रेन

मूकपटाकडून बोलपटाकडे वळताना हॉलिवूडची उडालेली तारांबळ रंगवणारा अमेरिकन प्रणयविनोदी संगीतपट. मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओने तो १९५२ मध्ये प्रदर्शित केला. दिग्दर्शक जीन केली व स्टॅनली डोनन, निर्माते आर्थर फ्रीड, पटकथा बेटी कॉम्डेन व अडॉल्फ ग्रीन यांची.

इथे गाणी आधी होती, गोष्ट नंतर सुचली. फ्रीड हे मूळचे गीतकार. त्यांनी संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊन यांच्यासह रचलेली जुनी गाणी गुंफून चित्रपट लिहा, एवढेच पटकथाकारांना सांगितले गेले. त्यांतली बरीच गाणी बोलपटाच्या सुरुवातीच्या दिवसांतली होती. शीर्षकगीतही १९२९ च्या एका संगीतपटात येऊन गेलेले. मग गोष्टही त्याच काळात घडवावी, असे दोघांनी ठरवले.

कथा १९२७ ची. डॉन लॉकवुड (जीन केली) आणि लीना लॅमॉन्ट (जीन हेगन) ही मूकपटांतली लाडकी जोडी. पडद्यावरचे प्रेम खरेच आहे, अशी लीनाची पक्की समजूत. डॉनचा जीव मात्र कॅथी सेल्डन (डेबी रेनल्ड्स) या होतकरू नटीवर जडतो. अशात ‘द जाझ सिंगर’ हा बोलपट तुफान चालतो आणि त्यांचा अर्धवट झालेला मूकपट बोलका करायचे फर्मान सुटते. अडचण एकच, लीनाचा आवाज. तो कानाला किसणीसारखा लागतो. डॉनचा मित्र कॉस्मो (डोनाल्ड ओ’कॉनर) तोडगा काढतो : ओठ लीनाचे, आवाज कॅथीचा.

खरी गंमत यंत्रांच्या फजितीत आहे. माइक झुडपात लपवलेला. लीना मान वळवते आणि निम्मे शब्द हरवतात. तो तिच्या छातीपाशी शिवतात, तर हृदयाचे ठोके ऐकू येतात. शेवटी स्टुडिओचे मालक जमिनीवरची तार कुणाच्या पायात येईल म्हणून ओढतात आणि लीना बसल्या जागेवरून उलथून पडते. प्रदर्शनाआधीच्या पूर्वखेळात चित्र व ध्वनी यांचा मेळ सुटतो आणि खलनायकाच्या भरड्या आवाजात नायिका ‘नाही, नाही’ म्हणू लागते. हे निव्वळ अतिशयोक्ती समजू नये : त्या काळी कॅमेऱ्याची घरघर टिपली जाऊ नये म्हणून तो कॅमेरामनसह बंद खोक्यात ठेवत असत.

शीर्षकगीताच्या वेळी केलींना १०३ अंश फॅरनहाइट ताप होता, हा किस्सा नेहमी सांगितला जातो. पावसासाठी पाण्यात दूध मिसळले होते, ही मात्र दंतकथाच. थेंब उठून दिसले ते पाठीमागून सोडलेल्या प्रकाशामुळे.

चित्रपटाच्या पोटातला सर्वांत मोठा विनोद पडद्यावर दिसत नाही. उसन्या आवाजाची लबाडी उघडी पाडणाऱ्या या चित्रपटाने स्वतःच आवाज उसने घेतले. कॅथी लीनासाठी ‘वुड यू?’ गाते, तेव्हा प्रत्यक्षात गातात बेटी नॉइज. श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. कॅथी लीनाचे संवाद म्हणते, तिथे ऐकू येतो तो खुद्द हेगन यांचा स्वाभाविक, घोटीव आवाज. म्हणजे हेगनला आवाज देणाऱ्या रेनल्ड्सना आवाज दिला तो हेगन यांनीच!

ऑस्करची नामांकने दोनच मिळाली, पुरस्कार एकही नाही. एक नामांकन संगीतासाठी होते, दुसरे सहायक अभिनेत्री म्हणून हेगन यांना, त्या किरट्या आवाजातल्या लीनासाठी.