‘शकुंतला’ खरंच इंग्रजांची?

मूर्तिजापूर-यवतमाळ ‘शकुंतला’ रेल्वे आजही इंग्रजांच्या मालकीची, दरवर्षी कोट्यवधींची रॉयल्टी लंडनला जाते, हा मेसेज तुम्हालाही आलाच असेल. चुकीचा आहे. रूळ सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे. तिचा कारभार मुंबईच्या किलिक निक्सनकडे. ही पेढी इंग्रजांनीच काढली, पण स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकांकडे आली. गाडी मध्य रेल्वे चालवायची आणि करारातला वाटा या कंपनीला, म्हणजे मुंबईतच. जुना करार इतकी वर्षं लांबला, हे मात्र नवलच!

इंग्रजांना हवा होता वऱ्हाडचा कापूस. कारंजा, दारव्हा भागातल्या जिनात (कापसातून बी वेगळं करणाऱ्या कारखान्यात) सरकी निघे, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात. त्या या अडीच फुटी रुळांवरून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबई बंदरात. मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन थेट 1994 पर्यंत धावलं. पुढे डिझेल आलं तरी गार्डच तिकिटं फाडायचा.